पुढचा एक दात गेलाय? शेजारचे चांगले दात घासायच्या आधी पंखाच्या ब्रिजबद्दल वाचा

मी सांगलीत दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर तुमच्या तोंडाचं माप घेतात ना, ते आमच्याकडं येतं, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून मॉडेल काढतो आणि त्यावर कॅप (दातावर बसवायची टोपी) आणि ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधारानं बसवायचा खोटा दात) बनवतो. पेशंटचा चेहरा आम्हाला दिसत नाही पण दात सगळे दिसतात. ऑर्डरच्या कागदावर वय १९, वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा एक दात जन्मापासूनच आलेला नाही, आणि त्या फटीच्या दोन्ही बाजूचे कोरे करकरीत, एक कीड नाही असे दात चारी बाजूंनी घासून बारीक खुंट्या करून टाकलेत, असं मॉडेल हातात आलं की खरंच जीव तुटतो. कारण दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, एकदा गेलं की परत येत नाही, ते बनवणाऱ्या पेशीच दात वर येईपर्यंत संपलेल्या असतात, आणि तेही एका दातासाठी दोन चांगले दात.

२००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दोघांनी हे वजन करून मोजलं होतं. फुल कॅपसाठी पुढचा दात तयार करताना हिरडीच्या वरचा दाताचा भाग ६३ ते ७२ टक्के जातो. चिकटवायच्या ब्रिजसाठी किंवा पुढून लावायच्या पातळ व्हिनियरसाठी ३ ते ३० टक्के. म्हणून सांगतोय, तुमचा किंवा घरातल्या पोराबाळांचा पुढचा एकच दात गेला असेल तर कॅपच्या ब्रिजला हो म्हणायच्या आधी चिकटवायच्या ब्रिजची चौकशी करा. मेरीलँड ब्रिज म्हणतात त्याला, आमच्याकडं कागदावर नुसतं विंग ब्रिज लिहून येतं.

हे असतं काय

मधला एक खोटा दात, आणि त्याला मागच्या बाजूनं जोडलेला एक पातळ पंख. हा पंख शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे जीभ लागते तिथं, सिमेंटनं चिकटवतात. पुढून काही दिसत नाही. पंखाची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर, तुमच्या एटीएम कार्डाएवढी. शेजारचा दात एकतर अजिबात घासत नाहीत, नाहीतर इनॅमलमधल्या इनॅमलमध्ये अगदी थोडा.

ही आयडिया नवीन नाही. ॲसिडनं इनॅमल खरबरीत केलं की त्याला प्लॅस्टिकसारखं मटेरियल पक्कं चिकटतं हे १९५५ साली बोनोकोर यांनी दाखवलं. १९७३ ला फ्रान्सच्या रोशेत यांनी भोकं पाडलेली धातूची पट्टी दातांच्या मागं चिकटवली, सिमेंट भोकातून पलीकडं जाऊन अडकायचं. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीत धातूचाच पृष्ठभाग विजेनं खरबरीत करून भोकांची गरज संपवली, तिथून नाव पडलं. त्याच सुमाराला जपानच्या कुरारे कंपनीनं एमडीपी नावाचं रसायन घातलेलं पॅनाव्हिया सिमेंट आणलं जे धातूला रासायनिक रीतीनं धरतं, आणि पुढं हेच रसायन झिर्कोनियालाही (पांढरं, फार मजबूत सिरॅमिक) धरतं हे कळल्यावर सगळा खेळच बदलला. जुने डॉक्टर "अहो ते निघतं" म्हणतात ते खोटं नाही, त्यांच्या काळातली सिमेंटं आणि त्या काळातलं डिझाईन तसंच होतं. आता दोन्ही सुधारलंय.

आधी बघा, तुमच्या तोंडात बसतंय का

सगळ्यात चांगली केस म्हणजे वरचा बाजूचा पटाशीचा दात, नाहीतर खालचे पुढचे दात. एकच दात गेलेला आणि शेजारचे निरोगी, घट्ट, पुरेशा उंचीचे. शेजारच्या दातात मोठं फिलिंग असेल, रूट कॅनॉल झालं असेल, नाहीतर आधीच कॅप असेल तर पंखाचा हट्ट धरू नका, तिथं कॅपचा ब्रिजच बरोबर, कारण वाचवायला इनॅमल राहिलेलंच नाही.

घरी एवढं करून बघता येतं. मोबाईलचा टॉर्च लावून तोंड उघडून आरशात बघा, शेजारच्या दाताची आतली बाजू गुळगुळीत पांढरी आहे का झिजून पिवळी पडलीय. पिवळं दिसतंय ते डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या खालचा थर, त्याला सिमेंट इनॅमलइतकं धरत नाही. आपल्याकडं बायकांमध्ये मिशरी लावायची सवय अजून बरीच आहे, बोटानं रोज घासून घासून दाताची मान झिजते, हिरडी खाली जाते, अशा तोंडात डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय हो म्हणू नका. बोअरच्या पाण्यानं दातांवर पांढरे-तपकिरी डाग आलेत त्यांनीही आधी सांगायचं, फ्लोरोसिसच्या, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराईडनं बिघडलेल्या इनॅमलवर ॲसिड नेहमीसारखं काम करत नाही, डॉक्टरांना जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर हलका घासावा लागतो.

मग दात मिटा. वरचे दात खालच्या दातांना किती झाकतात? खालचे दात वरच्या दातांच्या मागं टाळूजवळ जाऊन टेकत असतील तर पंखाला जागाच नाही. काही डॉक्टर अशा वेळी ब्रिज मुद्दाम जरा उंच बसवतात आणि काही आठवड्या-महिन्यांत दात आपोआप जुळवून घेतात, ही मान्य असलेली पद्धत आहे, पण हे तुम्हाला आधी समजावून सांगितलं असेल तरच, नाहीतर घरी गेल्यावर चावता येईना म्हणून घाबरायला होतं. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांनी आणि हलणाऱ्या दातवाल्यांनी याच्या मागं लागू नये.

दाढेचं विचाराल तर, दाढेवर जोर फार येतो. तिथं पंखाच्या ब्रिजचा अनुभव पुढच्या दातांइतका चांगला नाही. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा दात) किंवा दाढेतल्या जुन्या फिलिंगच्या जागी बसणारा इनले ब्रिज हे पर्याय बोला.

लहान वयात हे का सोन्यासारखं

इम्प्लांट हाडात घट्ट बसतो, दातासारखा हाडाबरोबर पुढं सरकत नाही. १४-१५ वर्षांच्या पोराचा जबडा अजून वाढतोय, शेजारचे दात खाली येत राहतात आणि इम्प्लांटचा दात तिथंच राहून आखूड दिसायला लागतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. तोपर्यंत पोरगं काय काढता-घालता दात लावून कॉलेजला जाणार? पंखाचा ब्रिज लावला तर शेजारचे दात जसेच्या तसे राहतात आणि पुढं इम्प्लांट करायचा रस्ताही मोकळा राहतो. कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या पोरांचे पुढचे दात जातात तिथंही हेच, फक्त नंतर माऊथगार्ड घालायची सवय लावा, आपल्याकडं मैदानात तो कोणी घालत नाही.

आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पुढचा दात हलतोय म्हणून काढायचाच असेल आणि त्याचा वरचा भाग चांगला असेल तर तो फेकू देऊ नका. डॉक्टर त्याचं मूळ कापून, खालचं तोंड कॉम्पोझिटनं (दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल) बंद करून, तोच दात काच-फायबरच्या किंवा रिबॉन्ड नावाच्या फायबरसारख्या पट्टीनं शेजारच्या दातांना त्याच दिवशी चिकटवू शकतात. रंग, आकार सगळं तुमचंच. काही महिन्यांची सोय तर नक्की होते, नीट जपलं तर त्याहून जास्तही टिकतं.

एक पंख की दोन

इथं जरा थांबून वाचा, कारण बहुतेक लोकांचा गैरसमज इथंच असतो. वाटतं की दोन्ही बाजूला धरलं की जास्त मजबूत. पुढच्या दातांच्या बाबतीत उलटं आहे. चावताना प्रत्येक दात आपल्या मुळावर थोडासा हलतो आणि दोन दात एकाच दिशेनं हलत नाहीत. दोन्हीकडं पंख असले की ते एकमेकांना ओढतात आणि कधीतरी एका बाजूचं सिमेंट सुटतं. दुसरी बाजू धरून असते म्हणून ब्रिज पडत नाही, तुम्हाला काही कळत नाही, आणि सुटलेल्या पंखाखाली अन्न-थुंकी जाऊन दात आतून किडत राहतो. सहा महिन्यांनी काळं दिसतं तोपर्यंत बराच दात गेलेला असतो. एकच पंख असेल तर सुटला की ब्रिज हातात येतो, दात किडायला वेळच मिळत नाही, साफ करून परत चिकटवला की झालं.

जर्मनीत कील युनिव्हर्सिटीच्या मॅथियस केर्न यांनी हे वर्षानुवर्षं पेशंटांवर बघितलं. २०११ ला त्यांनी आणि सासे यांनी सिरॅमिकच्या पुढच्या ब्रिजचे दहा वर्षांचे आकडे दिले, दोन पंखांचे सुमारे ७४ टक्के टिकले आणि एका पंखाचे सुमारे ९४ टक्के. पुढं झिर्कोनियाच्या एका पंखाचे निकालही असेच चांगले आले. अपवाद आहे, ब्रेसेस लावून दातांमधली फट बंद केली असेल आणि दात परत सरकू नयेत म्हणून धरून ठेवायचे असतील तर दोन पंख करतात. पण कारण विचारा. पंख कुठल्या दातावर, मोठ्या पटाशीवर का सुळ्यावर, हे डॉक्टर चावा बघून ठरवतात, ते त्यांच्यावर सोडा.

मटेरियल

धातूचा पंख जुना आणि भरवशाचा, पातळ करता येतो, जागा कमी असेल तिथं उपयोगी. पण पटाशीच्या दाताचं टोक पारदर्शक असेल तर मागचा धातू पुढून राखाडी झाक मारतो, अपारदर्शक सिमेंट वापरून ते थोडं झाकता येतं. निकेलची ॲलर्जी असेल (खोटे कानातले घातल्यावर कान चिघळतात का, आठवा) तर डॉक्टरांना सांगा, निकेल नसलेला धातू किंवा झिर्कोनिया घेता येतो. झिर्कोनिया आज पुढच्या एका दातासाठी मला स्वतःला सगळ्यात पटतो, राखाडी झाक नाही आणि ताकद भरपूर, मात्र खोटा दात आणि पंख जिथं जुळतात तो सांधा जाड लागतो, उंचीला साधारण ३ मिलिमीटर आणि रुंदीला २. तेवढी उंची नसेल तर तिथून मोडणार. डॉक्टर "सांधा बारीक करा, छान दिसेल" म्हणतात तेव्हा आम्ही लॅबमधून फोन करून नाही म्हणतो.

फायबर आणि कॉम्पोझिटचा ब्रिज डॉक्टर खुर्चीवरच एका बैठकीत करतात, लॅब लागत नाही, स्वस्त पडतो. पण आपल्या जेवणात हळद रोज. कॉम्पोझिट हळद ओढून घेतं आणि पिवळं पडतं, सांगलीत हे वेगळं सांगायला नको. भाजलेल्या सिरॅमिकला हळद लागत नाही. म्हणून फायबर तात्पुरती सोय म्हणून चांगला.

डॉक्टरकडं गेल्यावर काय काय होतं

दात नुकताच काढला असेल तर पक्क्या ब्रिजसाठी साधारण तीन महिने थांबा. हिरडी आणि हाड त्या काळात खाली बसतात, घाई केली की नंतर खोट्या दाताखाली काळी फट दिसते. मधल्या काळात तात्पुरता दात लावून देतात.

पहिल्या भेटीत छोटा एक्स-रे, हिरड्यांची तपासणी, दात साफ करणं. दात स्वच्छ केल्याशिवाय माप घेऊ देऊ नका, कीट चढलेल्या दाताचं माप म्हणजे आम्ही कीटावर पंख बनवणार.

मग घासायचं, घासलं तर. पंखाला बसायची जागा, बाजूला छोटीशी खाच, मागं एक बारीक खळगा, एवढंच, अर्धा मिलिमीटरच्या आसपास. एक साधा प्रश्न आधीच विचारून ठेवा, "डॉक्टर, भुलीचं इंजेक्शन द्यावं लागणार का?" इनॅमलला संवेदना नसते, इनॅमलमध्येच काम होणार असेल तर बहुतेक वेळा सुई लागत नाही. लागणार म्हणाले तर किती खोल जाणार ते समजून घ्या.

रंग ठरवायचा तो दात घासायच्या आणि माप घ्यायच्या आधी. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकलेला दात पांढरा दिसतो, त्यावर रंग घेतला की ब्रिज कायमचा जास्त पांढरा येणार. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाईटखाली नाही, लिपस्टिक लावून जाऊ नका. शेड गाईडची पट्टी दाताशेजारी धरून फोटो काढून लॅबला पाठवायला सांगा. आमचं निम्मं काम त्या फोटोवर होतं, नुसता "ए-टू" असा रंगाचा नंबर लिहिलेल्या कागदावर शेजारच्या दाताची बारीक पांढरी रेघ कशी कळणार. माप सिलिकॉनचं किंवा स्कॅनरचं हवं, साध्या गुलाबी पावडरीचं माप सुकून आकसतं आणि एवढा पातळ पंख मग बसत नाही.

चिकटवायचा दिवस

सगळा ब्रिज या अर्ध्या-पाऊण तासावर उभा असतो. आधी नुसता लावून बघतात, रंग, बसणं, आरशात तुम्ही बघायचं, पटलं नाही तर आत्ताच बोलायचं, चिकटल्यावर नाही. लावून बघताना ब्रिजला थुंकी लागली की त्याची पकड गेली. म्हणून ट्रायलनंतर पंखाची आतली बाजू परत साफ करावी लागते, सगळ्यात पक्कं म्हणजे ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिना वाळूचा हलका फवारा. झिर्कोनियावर फॉस्फोरिक ॲसिड लावून साफ करायचं नाही, त्यातलं फॉस्फेट पृष्ठभागावर बसून राहतं आणि एमडीपीला जागाच मिळत नाही. क्लिनिकमध्ये वाळूच्या फवाऱ्याचं मशीन नसेल तर काही डॉक्टर ट्रायल करून ब्रिज आमच्याकडं परत पाठवतात आणि चिकटवायला पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलावतात. अशा डॉक्टरांवर "एका दिवसात का झालं नाही" म्हणून चिडू नका, ते तुमचंच काम नीट करतायत.

तोंडात रबर डॅम लावतात, म्हणजे रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त तेवढे दात बाहेर. थोडं गुदमरल्यासारखं वाटतं, नाकानं श्वास घ्या, सहन करा. ओल्या दातावर काही चिकटत नाही आणि श्वासाची वाफसुद्धा पुरते. मग दात प्युमिसनं (बारीक दगडाची पूड) घासून ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल साधारण ३० सेकंद. धुऊन सुकवला की दात खडूसारखा पांढराफटक, बिनचमकीचा दिसायला लागतो, तो दिसला म्हणजे इनॅमल तयार. मग बाँड, सिमेंट, आणि ब्रिज दाबून अजिबात न हलवता धरायचा. सिमेंट रेझिनचंच (प्लॅस्टिकसारखं घट्ट होणारं) हवं, एमडीपीवालं, किंवा पंखावर एमडीपीचा प्रायमर लावून वरून रेझिन. कॅप बसवायचं नेहमीचं जीआयसी (ग्लास आयनोमर सिमेंट) नाहीतर झिंक फॉस्फेट इथं चालत नाही, ते कॅपला चारी बाजूंनी पकड असते म्हणून चालतं, पंखाला तशी पकड नसते. काही सिमेंटं हवा लागली की कडेला कच्ची राहतात म्हणून कडेला ग्लिसरीनची जेल लावतात, ती का लावली म्हणून गोंधळू नका.

शेवटी चाव्याचा रंगीत कागद. सरळ मिटताना आणि जबडा डावी-उजवीकडं सरकवताना दोन्ही वेळा बघायचं. बाजूला सरकवताना खोट्या दातावर जोर यायला नको. तुम्हाला थोडंसं जरी उंच लागलं आणि आधी तसं सांगितलेलं नसलं तर तिथंच सांगा.

नंतरची निगा

पहिला दिवस मऊ खा. नंतर जेवणाची अडचण काही नाही, पण पुढच्या दातांनी ऊस सोलणं बंद म्हणजे बंद. कणसाचे दाणे काढून खा, नवरात्रातल्या कडाकण्या तोडून मागच्या दातांनी खा, पेरू चिरून. नखं कुरतडणं आणि दातानं दोरा तोडणं यांनी ब्रिज बाजूनं उचकटला जातो.

खोट्या दाताखालून रोज रात्री साफ करायचं. सुपर फ्लॉस मिळतो, त्याचं टोक कडक असतं, ते पंख नसलेल्या बाजूनं खाली घालून पुढं-मागं. ते सांगली-मिरजेच्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारा, नाही मिळालं तर बारीक इंटरडेंटल ब्रश. दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

दोन पंखांचा जुना ब्रिज तोंडात असेल त्यांनी नीट लक्ष द्या, चावताना टिक आवाज, पंखाच्या कडेला दाबलं की थुंकीचे बुडबुडे, त्या बाजूनं वास, यातलं काहीही असेल तर एक बाजू सुटलीय असं समजून लगेच दाखवा.

पैशाचं म्हणाल तर ब्रिज युनिटवर मोजतात. तीन दातांचा कॅपचा ब्रिज तीन युनिट, एका पंखाचा दोन. चिकटवायची मेहनत वेगळी लावतात, पण एकूण बहुतेक वेळा महाग पडत नाही. जवळचे डॉक्टर करत नसतील तर कृत्रिम दातांचे स्पेशालिस्ट, प्रोस्थोडॉन्टिस्ट, शोधा. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज, कराडला कृष्णाचं. डेंटल कॉलेजमध्ये या विषयाचा वेगळा विभाग असतो, फेऱ्या जास्त होतात पण खर्च खासगीपेक्षा साधारण कमी येतो.

आणि कधी ब्रिज निघालाच तर घाबरू नका. पाण्यानं धुऊन छोट्या डबीत घाला, पर्समध्ये सुटा टाकू नका, वाकला किंवा टवका उडाला तर परत बसत नाही. फेविक्विक लावून घरी चिकटवायचा उद्योग करू नका, तो थर दातावरून आणि पंखावरून काढताना आमची आणि डॉक्टरांची वाट लागते आणि इनॅमलही खरवडलं जातं. परत तोंडात नुसता अडकवून झोपू तर अजिबात नका, गिळला जाऊ शकतो. दोन-चार दिवसांत डॉक्टरकडं न्या, पंख धड असेल तर वाळूनं साफ करून तोच परत चिकटवता येतो. मात्र एकाच ब्रिजचं हे परत परत व्हायला लागलं तर नुसतं चिकटवून घेऊ नका, चावा आणि डिझाईन पुन्हा तपासायला सांगा.